वाडा पाडायचा की ठेवायचा? पेठेतले मालक, भाडेकरू आणि जाणकार, सगळ्यांनी लिहा

चौकातला_हौद

नमस्कार मंडळी. नारायण पेठेत आमचा वाडा आहे. 'आमचा' म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर अकरा नावं, त्यात दोघं अमेरिकेत, एक मयत (वारसनोंद बाकी) आणि दोन चुलते एकमेकांशी बोलत नाहीत. पुढचा चौक अजून उभा आहे. दिंडी दरवाजा, देवडी, चारी बाजूंनी ओसरी, सुरूचे खांब, वर सागवानी मजला. मागचा चौक १९६१ च्या पानशेतच्या पुरात बसला, तिथे आता पत्र्याची शेड आणि लोकांच्या दुचाक्या. भाडेकरू पाच, त्यातले तीन कुलूप लावून कोथरूडला राहतात.

दर मे महिन्यात 'धोकादायक' अशी नोटीस दाराला चिकटते आणि जूनच्या पावसात धुऊन जाते. यंदा एक बिल्डर आलाय. सगळं पाडून सात मजले, भाडेकरूंना घरं, आम्हाला फ्लॅट किंवा रोख. एका भंगारवाल्याने तर फक्त लाकडाची किंमत सांगितली, ती ऐकून धाकट्या काकांचे डोळे चमकले.

माझा प्रश्न साधा आहे. पुण्यात किंवा दुसऱ्या शहरात कोणी असा वाडा दुरुस्त करून खरोखर वापरात ठेवलाय का? पैसे कोणी घातले? भाडेकरूंचं काय केलं? आठवणी लिहिल्यात तरी चालेल, पण सोबत काहीतरी उपयोगाचंही लिहा.

पेठी_खवचट

अकरा वारसांचं एकमत झालं तर वाड्याआधी त्या घटनेचाच वारसा यादीत समावेश करावा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मुक्ता_क

वाडा म्हटलं की इथे लगेच प्राजक्ताचा सडा, भोंडला आणि कोजागिरीचं दूध सुरू होईल, त्याआधी लिहून टाकते. माझा जन्म शुक्रवार पेठेतल्या वाड्यातला, आम्ही भाडेकरू. दोन खोल्या, त्यातली एक अंधारी. संडास मागच्या अंगणात, सगळ्या बिऱ्हाडांत मिळून दोन. रात्री जायचं तर आईला उठवायचं, तिने कंदील नाहीतर बॅटरी धरायची. पावसाळ्यात गादीच्या वर छत्री उघडून ठेवलेली मी पाहिली आहे. वरच्या मजल्यावर कोणी उखळात कुटायला लागलं की आमच्या आमटीत माती पडायची.

हे सगळं ज्यांनी कॅमेऱ्यातून पाहिलं त्यांना वाडे वाचवायचे असतात. माझ्या आईला विचाराल तर ती म्हणेल, कोथरूडच्या वन बीएचकेमध्ये आल्यावर पहिले काही दिवस मी नुसतीच बाथरूमची कडी लावून उघडून बघायचे.

तरीही तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'पाडा' असं देणार नाही. आमचा जिना सुंदर होता. पण तो दुरुस्त करा म्हटलं की मालक म्हणायचे, अठरा रुपये भाड्यात मी खिळेसुद्धा आणू शकत नाही. आणि ते खोटं नव्हतं.

तारीख_पे_तारीख

मुक्ताताईंच्या अठरा रुपयांवर थोडं. (पेशाने वकील आहे, पण हा सल्ला नाही, फी लावत नाही.)

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडं गोठवलं, आणि गोठवलं ते १ सप्टेंबर १९४० ला जे होतं त्यावर. युद्धकाळातली टंचाई म्हणून तात्पुरता केलेला कायदा पन्नास वर्षं मुदतवाढीवर जगला. १९९९ चा नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा २००० पासून लागू झाला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. पण अठराचे ४ टक्के म्हणजे पाऊण रुपयाच्या आत! त्यात मालमत्ता कर, त्यात दुरुस्ती, त्यात कोर्ट.

यात मालक खलनायक नाही आणि भाडेकरूही नाही. मालकाला वाडा पडण्यात फायदा, कारण पडला की सुटका. भाडेकरूला तो जेमतेम उभा राहण्यात फायदा, कारण उभा आहे तोवर हक्क आहे. दुरुस्तीत मात्र दोघांपैकी कोणाचाच फायदा नाही. मुंबईत बेटावरच्या उपकरप्राप्त इमारतींना निदान म्हाडाचं दुरुस्ती मंडळ तरी आहे, सेस भरतात आणि टेकू तरी लागतात. पुण्याच्या पेठांना तसलं काही नाही.

बाबूराव_बिनकामाचे

वाचतोय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

चुनेवाला

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

हौदराव, आधी हे समजून घ्या की तुमचा वाडा भिंतींवर उभा नाही. दगडी जोतं, त्यावर तळखडे (खांबाखालचे दगड), तळखड्यांवर खांब, खांबांवर हस्त (तुळईला आधार देणारे लाकडी तुकडे) आणि तुळया, वर कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत). भार सगळा लाकडाच्या सांगाड्यावर. मधल्या विटा-मातीच्या भिंती बहुतांशी भरणा आहेत. त्यामुळे भिंतीला पोट आलेलं पाहून इंजिनियर 'गेला' म्हणतो तेव्हा तो काँक्रीटच्या डोळ्यांनी बघत असतो. उलट भिंत गुळगुळीत रंगवलेली असते आणि आत तुळईचं टोक पिठासारखं झालेलं असतं. तुळई नेहमी टोकाला सडते, जिथे ती भिंतीत शिरते तिथे. कारण एकच, पाणी.

आणि पाणी आत कोंडून ठेवणारा सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे सिमेंट. साठ-सत्तरच्या दशकापासून वाड्यावाड्यांत 'मजबुती'साठी सिमेंटचा गिलावा झाला. मातीची किंवा चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंट थापलं की ओल घेते, पण सोडायला वाट नाही. मग ती लाकडात उतरते. गेल्या पावसाळ्याआधी रविवार पेठेत एका वाड्यात खांबाच्या बुडाचा गिलावा फोडला. वरून ऑइलपेंट चकचकीत. हातोड्याच्या दांड्याने ठोकलं तर वरच्या अंगाला खणखण आवाज आणि तळखड्यापाशी भद्द. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. घरमालकीणबाई म्हणाल्या, 'अहो, हा खांब तर आम्ही दर दिवाळीला रंगवतो.' तेवढं बूड कापून खाली नवं सागवान सांध्याने जोडलं, खांब तोच राहिला. पूर्ण वाडा पाडायची गरज नव्हती.

चुन्याचं काम करणारे गवंडी कमी आहेत हे खरं, पण संपलेले नाहीत. चुना भिजवून मुरवायचा, वाळू घालून दगडी चाकाच्या घाणीवर मळायचा, गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी. यात जादू काही नाही, वेळ लागतो. तुमचा बिल्डर वेळेचा पैसा मोजतो, म्हणून त्याला हे परवडत नाही.

खर्च विचारलात. पाहिल्याशिवाय आकडा देणारा माणूस खोटं बोलतोय असं समजा, मीसुद्धा.

पेठी_खवचट

'चुना लावणारे कमी झाले' या विधानाशी असहमत. मागच्या आठवड्यातच आमच्या सोसायटीला एकाने लावला.

मुक्ता_क

@खवचट, हहपुवा (हसून हसून पुरेवाट).
@चुनेवाला, प्रतिसाद आवडला. फक्त तुमच्या त्या सुंदर दुरुस्त वाड्यात संडास किती ते लिहा.

चुनेवाला

मुक्ताताई, रास्त प्रश्न. प्रत्येक बिऱ्हाडाला आतला संडास-बाथरूम झाला, नवी ड्रेनेज लाइन चौकातून काढली. जुनं जपायचं म्हणजे टमरेलही जपायचं असं थोडंच आहे.

शंभर_मीटर

माझं आयडी बघा, माझं दुःख कळेल. आम्ही शनिवारवाड्याला लागून राहतो.

शनिवारवाडा १७३२ ला बांधून झाला आणि १८२८ च्या आगीत जळाला. आत आज काय आहे? जोती, कारंज्यांचे हौद, हिरवळ आणि भोवती तट. म्हणजे पुण्यातल्या सगळ्यात संरक्षित वाड्यात वाडाच नाही. त्या नसलेल्या वाड्याच्या रक्षणासाठी केंद्राच्या कायद्याने शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या दोनशे मीटरला परवानगी. आधी १९९२ ची अधिसूचना होती, २०१० च्या दुरुस्तीने ते कायद्यातच पक्कं बसलं. आमचा खराखुरा, माणसांनी भरलेला वाडा या शंभर मीटरमध्ये कुजतोय. पाडून बांधता येत नाही. दुरुस्ती करता येते, पण परवानगी काढून. आमची फाईल संबंधित कार्यालयात कधीपासून आहे हे विचारू नका, माझं बीपी वाढतं.

उंचीची मर्यादा घाला, उतरतं छप्पर सक्तीचं करा, दर्शनी भाग लाकडी ठेवा म्हणा, सगळं मान्य. पण 'काहीच नको' हे कसलं जतन? आमच्या गल्लीत गेल्या काही पावसाळ्यांत जे वाडे आपोआप बसले त्यांच्या जागी आता पार्किंग आहे. पार्किंगला परवानगी लागत नाही.

इतिहासाचा_पेपर

शंभरमीटर यांच्याशी निम्मा सहमत. नियम आंधळा आहे हे खरं. पण हा नियम नसता तर शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर आज काचेचा मॉल असता, हेही तितकंच खरं. आपल्याकडे बिल्डरला बोट दिलं की तो थेट अठराव्या मजल्यावर जातो.

पुण्यात वारसा वाचलाय तो जिथे वापर वाचला तिथेच. महात्मा फुले मंडई बघा. १८८६ पासून भाजी विकली जाते, आजही. विश्रामबागवाडा बघा. दुसऱ्या बाजीरावाचं घर, मग संस्कृत पाठशाळा, मग सरकारी-पालिकेची कार्यालयं, टपाल कचेरी. १८७९ च्या ज्या आगीत बुधवार वाडा समूळ गेला त्याच आगीत याचाही भाग जळला, तरी लोकांना लागत होता म्हणून उभा केला गेला. तुळशीबागेत खरेदीला गेलात तर पाच मिनिटं वर मान करून त्याचं लाकूडकाम बघा, पिशव्या जड असल्या तरी.

सदू_सातारकर

आणि भिडे वाडा? तो विसरलात का सोयीस्करपणे?

इतिहासाचा_पेपर

विसरलो नाही, घाबरत होतो. आता काढलाच आहे विषय तर.

१८४८ ला जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती तिथे. वास्तू वर्षानुवर्षं पडकी, खाली दुकानं, स्मारक की भाडेकरू यावर कोर्टात वाद. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पालिकेच्या बाजूने लागला आणि डिसेंबरमध्ये एका रात्रीत सगळं जमीनदोस्त करून जागा मोकळी केली, नव्या स्मारकासाठी. देशाच्या इतिहासातली इतकी मोठी जागा, आणि आपण जपलं काय, तर प्लॉट.

सदू_सातारकर

असहमत. तिथे उरलं काय होतं? गंजलेले पत्रे आणि झुकलेली भिंत. सावित्रीबाईंचं मोठेपण त्या विटांत नाही. पेशव्यांच्या कारंज्याचा एकेक दगड जपायला कायदा, आणि शूद्र-अतिशूद्रांच्या शिक्षणाची जागा पावणेदोनशे वर्षं दुकानांच्या मागे. आता नवं स्मारक होतंय तर लगेच जुन्या विटांचा पुळका? हा पुळका आधी कुठे होता?

इतिहासाचा_पेपर

पुळका आधी हवा होता, हे शंभर टक्के मान्य. कोणता वाडा 'वारसा' ठरतो यातही जात आहे, हेही मान्य. पण म्हणूनच म्हणतो, गंज पेठेतला फुले वाडा बघा. लहानसं घर, अंगणात तोच हौद जो त्यांनी १८६८ ला अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या हौदाच्या काठावर उभं राहिल्यावर जे समजतं ते कुठल्याच भव्य पुतळ्याकडे बघून समजत नाही. भिडे वाड्याची एखादी खोली, एखादी मूळ भिंत सावरून नव्यात सामावता आली असती, इतकंच.

सदू_सातारकर

फुले वाड्याबद्दल +१. बाकी चर्चा प्रत्यक्ष भेटीत, चहा तुमच्याकडून.

दादरचा_कोपरा

पुणेकरांच्या धाग्यात मुंबईकराने बोलणं म्हणजे धाडसच, तरी बोलतो.

आमच्याकडे १९९५ साली वारसा इमारतींची नियमावली आली, श्रेणी एक, दोन, तीन. २०१८ ला युनेस्कोने ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजू यादीत घेतल्या, एका अंगाला व्हिक्टोरियन गॉथिक, दुसऱ्या अंगाला आर्ट डेको. लोकांना वाटतं हे सरकारने केलं. त्यामागे तिथल्या रहिवाशांचा आणि वास्तुविशारदांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता. आणि त्या डेको इमारतींत माणसं राहतात, गॅलरीत कपडे वाळत घालतात.

उलट उदाहरण एस्प्लनेड मॅन्शन, जुनं वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकातला ओतीव लोखंडाचा सांगाडा, १८९६ ला ल्युमिएर बंधूंचे चित्रपट इथेच दाखवले गेले. वारसा यादीत नाव होतं, जगभरातून अभ्यासक बघायला यायचे आणि २००५ मध्ये एक भाग कोसळला. कारण तेच, भाडं नाममात्र आणि मालक-भाडेकरू समोरासमोर. तेव्हा यादीत नाव आलं की वाडा वाचला असं समजू नका. यादी दुरुस्तीचं बिल भरत नाही.

पेठी_खवचट

मुंबईकर इतकं मुद्देसूद बोलू शकतो हे आज कळलं. धागा वसूल.

अमदावादी_आजी

माझं माहेर पुणं, सासर अहमदाबादच्या पोळातलं (पोळ म्हणजे जुन्या शहरातली दाट वस्तीची गल्ली). २०१७ ला आमचं जुनं शहर जागतिक वारसा झालं, भारतातलं पहिलं शहर. फटाके वाजले, फलक लागले. घरं लाकडी, कोरीव, मधे चौक, चौकाखाली पावसाच्या पाण्याचं टाकं, पोळाच्या तोंडाशी पाखरांसाठी चबुतरो. उन्हाळ्यात चौकात जो गारवा असतो तो एसीला नाही यायचा.

पण मुलं नदीपलीकडे गेली. गाडी पोळात शिरत नाही, म्हणून सूनबाई येत नाहीत. शेजारच्या घराचे कोरीव खांब एके दिवशी टेम्पोत चढले. विचारलं तर म्हणे कुठल्याशा रिसॉर्टला चाललेत. घर उभं, पण चेहरा काढून नेलेला.

बाळा हौदा, भंगारवाल्याला घरात घेऊ नकोस. एकदा खांब मोजून गेला की तो परत येतोच.

पणजीचो_पोर

गोंयांतल्यान एक उलट तक्रार. आमच्या फोंताइन्यशमध्ये (पणजीतली जुनी वस्ती) घरं छान राखली, रंग दिले, झालं काय, तर सकाळी दार उघडलं की पायरीवर नवरी-नवरा आणि समोर फोटोग्राफर. लोकांनी 'फोटो काढू नका' असे फलक लावलेत. तेव्हा वाडा राखलात तर इन्स्टाग्रामपासूनही राखा.

मेट्रोमित्र

मंडई आणि कसबा पेठ ही भुयारी स्टेशनं २०२४ ला सुरू झाल्यावर खरा खेळ सुरू झालाय. स्टेशनभोवती पाचशे मीटरच्या पट्ट्यात जादा एफएसआयचं (प्लॉटवर किती बांधता येतं त्या प्रमाणाचं) धोरण आहे. म्हणजे एकीकडे पेठेत गाडीशिवाय राहणं पहिल्यांदाच सोपं झालं, जे वाड्यांना फायद्याचं आहे, आणि दुसरीकडे त्याच कारणाने जमीन इतकी तापली की वाडा ठेवणारा वेडा ठरेल. अवांतर: मंडई स्टेशनमधून बाहेर येऊन समोर ती मंडई दिसते, तो क्षण झकास आहे.

पेठी_खवचट

अवांतरावर अवांतर: स्टेशनमधून बाहेर आल्यावर पहिल्यांदा दिसतो तो रिक्षावाला, जो 'तिकडे येत नाही' म्हणतो.

चौकातला_हौद

सगळ्यांचे आभार. मधे दोन दिवस नव्हतो, चुलत्यांची बैठक होती. (बैठक चहापर्यंत टिकली.)

काही खुलासे. आमचा वाडा वारसा यादीत नाही. थोरले काका म्हणतात नाव येऊच द्यायचं नाही, आलं तर कायमचे अडकलो. शनिवारवाड्यापासून आम्ही तीनशे मीटरच्या बाहेर आहोत, तेवढी सुटका. आणि मुक्ताताई, तुमचा प्रतिसाद मी आमच्याकडच्या भाडेकरू काकूंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, 'हे मीच लिहिलंय असं वाटतंय. पण मला इथून हलायचं नाही, मुलगा म्हणतो म्हणून काय झालं.'

तारीख_पे_तारीख

काकांची भीती समजते, पण अर्धवट आहे. यादीत नाव आलं तर न वापरलेला एफएसआय टीडीआर म्हणून विकता येण्याची सोय असते. म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायचा हक्क होता पण वाड्यामुळे बांधलं नाही, तो हक्क दुसरीकडे बांधणाऱ्याला विकायचा आणि त्या पैशातून वाडा दुरुस्त करायचा. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात बाजारात टीडीआरला भाव काय आणि प्रमाणपत्र हातात कधी पडतं, यावर सगळं. काकांना घेऊन एखाद्या जाणकार वास्तुविशारदाकडे आकडेमोड करून घ्या. नुसत्या भीतीवर निर्णय नको, नुसत्या उमाळ्यावरही नको.

सगळ्यात आधी मयत काकांची वारसनोंद. तिच्याशिवाय बिल्डरसुद्धा काही करू शकणार नाही आणि चुनेवालेसुद्धा.

चुनेवाला

मला एक वाट दिसते. तुमचा मागचा चौक १९६१ पासून रिकामाच आहे. नवं जे काय बांधायचं ते तिथे बांधा. भाडेकरूंची घरं, लिफ्ट, संडास, पार्किंग, सगळं मागे. पुढचा चौक दुरुस्त करून वापरात आणा, म्हणजे खाली दवाखाना, वकिलाचं ऑफिस, क्लास, वर तुमच्यापैकी ज्यांना राहायचं ते. उत्पन्न पुढच्यातून, घरं मागच्यात. सात मजले मिळणार नाहीत, हे अमेरिकेतल्या दोघांना आधीच सांगा. बाजूचं अंतर सोडून मागे नेमकं किती बांधता येतं ते मोजल्याशिवाय कोणाला शब्दही देऊ नका.

आणि काहीही ठरो, पाडायचं ठरलं तरी, आधी पूर्ण वाड्याची मोजमापं घेऊन नकाशे काढून ठेवा. पेठांतले बहुतेक वाडे असे गेलेत की त्यांचा साधा आराखडासुद्धा कोणाकडे नाही.

मुक्ता_क

ही वाट मला पटतेय. काकूंचं घर मागच्या चौकात तळमजल्यावर द्या. आणि करारात लिहून द्या, तोंडी नको.

शंभर_मीटर

तुम्हाला मागचा चौक तरी आहे राव. मत्सर वाटतोय.

चौकातला_हौद

चुनेवाले काका, हे पुढच्या रविवारी अमेरिकेच्या व्हिडिओ कॉलवर मांडतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, एकदा येऊन बघाल का?

चुनेवाला

येतो. तोवर कौलांखालची पन्हाळ साफ करून घ्या आणि जिथे फुटली आहे तिथे बदला. पाऊस तोंडावर आहे, तुमचं एकमत होईपर्यंत तो थांबणार नाही.

पेठी_खवचट

पन्हाळीची वर्गणी अकरा जणांत कशी वाटायची यावर वेगळा धागा काढावा का?

तारीख_पे_तारीख

वर्गणी कोणीही भरो, पावती सगळ्यांच्या नावाने घ्या. पुढे कोर्टात लागते.